अकरा वाजताचा चेहरा

पहाटे ५.३०

उठल्यावर पहिलं काम डोळ्यांची हजेरी घेण्याचं. डावा डोळा तळहातानं झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघायचं, मग उजवा झाकून. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्याला कागद पांढराशुभ्र दिसतो, थोडा निळसरच. डाव्याचं व्हायचंय, त्याला तोच कागद चहा सांडून वाळल्यासारखा दिसतो. डॉक्टर म्हणाल्या, दुसराही लवकर उरकून टाकू. मी म्हटलं, थोडं थांबा. एकच भिंत दोन रंगांत बघायची सोय पुन्हा मिळायची नाही.

ऑपरेशनच्या आधीची दोनेक वर्षं माझ्या प्रिंटमधली माणसं निळी पडत चालली होती आणि मला पत्ता नव्हता. एका घरी प्रिंट द्यायला गेले तर सात-आठ वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबांना थंडी वाजतेय का?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. मला निळं कमी दिसायचं, म्हणून कॉम्प्युटरवर मी ते वाढवत जायचे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या डोळ्यांचंही असंच झालं होतं, फक्त त्याचे रंग उलट्या बाजूला गेले. मोतीबिंदू वाढत गेला तशी त्याच्या बागेची चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली. १९२३ साली, ८२व्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं. मोनेची तांबडी बाग संग्रहालयात लागते. माझ्या गिऱ्हाइकाला निळे आजोबा चालत नाहीत.

माझं वय ६८. राहायला मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला. काम म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढण्याचं. लग्न, मुंज, बारसं घेत नाही. साठीच्या पुढचा माणूस समोर असेल तरच कॅमेरा उचलते.

सकाळी ७.००

पिशवी भरते. एक कॅमेरा, एक भिंग, दोन बॅटऱ्या, चार कपडे वाळत घालायचे चिमटे, एक लहान उशी आणि वडिलांचं एक जुनं धोतर. एवढ्यात भागतं. धोतर खिडकीच्या समोरच्या बाजूला खुर्चीवर टाकलं की खिडकीचा उजेड त्याच्यावर आपटून चेहऱ्याच्या काळ्या बाजूवर परततो. बाजारात याच कामाच्या चकचकीत घडीच्या तबकड्या मिळतात, पण त्यांचा उजेड टोचतो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा उजेडही मऊ असतो. आणि पिशवी दोन किलोच्या वर गेली की माझा खांदा संध्याकाळी जाब विचारतो.

वडिलांचा मुलुंड पश्चिमेला स्टेशनजवळ स्टुडिओ होता. १९७३ साली, मॅट्रिक झाल्यावर, मी तिथं आतल्या खोलीत रिटचिंगला बसले. आता हे काम कुणाला सांगून कळत नाही, म्हणून सांगते. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची सुरकुती तिथं पारदर्शक रेघ होऊन दिसते. त्या रेघेवर आधी औषध चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. मग कडक शिशाची पेन्सिल पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी करायची आणि भिंगातून बघत रेघ भरत जायची, ठिपका-ठिपका करून. तिथं शिसं बसलं की प्रिंटमध्ये उजेड कमी पोचतो, सुरकुती फिकी होते. एका चेहऱ्याला वीस मिनिटं. जास्त भरलं तर माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो.

तीसेक वर्षं मी मुलुंडच्या सुरकुत्या भरल्या. बोर्डावर नाव वडिलांचं, कॅमेऱ्यामागे आधी वडील आणि मग भाऊ. पुढे डिजिटल आलं, रिटचिंगचं टेबल गेलं, मग स्टुडिओही गेला. आज त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. साठाव्या वर्षी मी माझ्या पैशानं, माझ्या नावाच्या पावतीवर पहिला कॅमेरा घेतला. दुकानातल्या मुलानं विचारलं, "नातवासाठी का?"

सकाळी ८.३०

फोनची वेळ. आज तीन घरं आहेत: घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. प्रत्येक घरी एकच प्रश्न, "रात्री झोप कशी लागली?"

माझ्या वहीत प्रत्येक माणसाच्या नावापुढे रकाने आहेत. गोळ्या किती वाजता, आंघोळ कधी, दुपारी पडतात का, कोणत्या कानानं ऐकू येतं, कवळी आहे का आणि ती फोटोपुरती तरी घालतील का. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्यावर लिहिलंय, 'बरी वेळ'.

हा रकाना उशिरा आला. सुरुवातीला मी घरच्यांच्या सोयीनं जायचे, म्हणजे मुलगा-सून ऑफिसातून आल्यावर, संध्याकाळी सहा-साडेसहाला. फोटोत गाल ओघळलेले, पापण्या जड, ओठांची टोकं खाली. मी म्हणायचे, काय करणार, वय दिसतंय. मग एकदा एक आजोबा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचे होते म्हणून त्यांचा फोटो सकाळी अकराला काढावा लागला. आठच दिवसांपूर्वी त्यांचाच संध्याकाळचा फोटो मी काढला होता. दोन प्रिंट शेजारी ठेवले. सुरकुत्या तेवढ्याच, जागच्या जागी. पण संध्याकाळचा माणूस दहा वर्षांनी मोठा दिसत होता.

त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं मी पेन्सिलीनं जे भरत आले त्यातलं निम्मं वय नव्हतंच, थकवा होता. वयाला इलाज नाही. थकव्याला आहे, आणि तो घड्याळात आहे.

सकाळी १०.०५

स्लो लोकल, बायकांचा डबा. नाहूर, भांडुप, कांजुरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर. खिडकीशी जागा मिळाली तर मी चेहरे बघते, फुकटचा अभ्यास. दरवाजाजवळ तिशीच्या आतल्या तीन मुली उभ्या आहेत. एकीचे डोळे मिटलेत, हात वरच्या कडीत, मान हातावर. दुसरी केस विंचरतेय. सकाळचे दहाच वाजलेत आणि तिघींच्या चेहऱ्यावर रात्रीचे दहा वाजलेत. यांनी घरातली कामं उरकली, डबे भरले, रिक्षा पकडली, आता आठ तास काम, मग परत. शेजारच्या बाकावर पंचाहत्तरीची एक मावशी मेथीची जुडी निवडत बसलीय. चौघींचा फोटो काढून अनोळखी माणसाला विचारलं, दमलेली कोण, तर तो मावशीकडे बोट दाखवणार नाही.

थोडं शास्त्र माझ्याही बाजूनं सांगते. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळं पडतं. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून म्हातारी माणसं खिडकीजवळ सरकतात. घरचे त्याला सवय म्हणतात. मला ते बरंच आहे, माणूस आपल्या पायानं माझ्या उजेडात येऊन बसतो.

सकाळी ११.००

घाटकोपर पूर्व, पंतनगर, म्हाडाची जुनी इमारत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी प्रत्येक मजल्यावर थांबते. वर पोचल्यावर धाप लागलेली असली तर पहिले दहा फोटो हलतात, हे अनुभवानं कळलंय.

बाई ८४ वर्षांच्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना किती मुलं बसवली याचा हिशोब त्यांनी सोडून दिलाय. हात थरथरतो, दहा-बारा वर्षं झाली. आधी दोन नंबरचा ब्रश सुटला, मग चार नंबरचा. "मग मी एक इंची चपटा घेतला," त्या म्हणाल्या. "थरथर मनगटात आहे ना, मग मनगटाला सुट्टी. मी खांद्यानं रंगवते." कोपर टेबलावर टेकवून, सगळा हात एकदम सरकवून त्या पट्टा मारतात. जिथं पूर्वी पान दिसायचं तिथं आता झाडाची सावली दिसते.

इमारत पुनर्विकासाला निघालीय. बाई खिडक्या रंगवतायत, एकेका बिऱ्हाडाची. ग्रिलची नक्षी, आत वाळत टाकलेले टॉवेल, तुळशीचा डबा, कुलरचं पाठीमागचं तोंड. प्रत्येक खिडकी एका कागदावर. सकाळी साडेनऊ ते अकरा, त्यानंतर ब्रश धुऊन ठेवायचा. मी म्हटलं, "बाई, साडेबारापर्यंत उजेड चांगला असतो."

"उजेड असतो गं. मी नसते."

त्यांच्या भिंतीवर हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीची छापील प्रत आहे. पुष्कळ लोक ते चित्र रविवर्म्याचं समजतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात समई धरून उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. बाई नेहमी विद्यार्थ्यांना सांगत, जलरंगात चूक पुसता येत नाही, आणि हे चित्र काढलं तेव्हा हळदणकर साठी ओलांडलेले होते. त्यापुढची गोष्ट मी त्यांना सांगितली. चित्रातल्या गीताबाई, लग्नानंतरच्या उपळेकर, कोल्हापुरात १०२ वर्षांच्या होऊन २०१८ साली गेल्या. बाई थोडा वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे समई खाली ठेवल्यावर सत्तर वर्षं जगली. छान."

त्या हसल्या तेव्हा मी दोन फोटो काढले. कामाचं सांगायचं तर वय झालेल्या माणसाचे डोळे खोबणीत आत गेलेले असतात. वरून उजेड आला तर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात, म्हणून ट्यूब बंद करायची आणि उजेड खिडकीतून, डोळ्यांच्या पातळीला घ्यायचा. जाड चष्मेवाली माणसं खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करतात. त्यांना "मान खाली करा" म्हणायचं नाही, आपणच थोडं उंच व्हायचं. पाच-सहा फुटांवर उभं राहायचं. जवळून मोबाइलनं काढला की नाक मोठं होतं आणि कान पळून जातात. खुर्चीला हात असावेत, बसायची उंची अशी की पाय जमिनीला पूर्ण टेकतील. पाय लोंबकळत असले की ते चेहऱ्यावर दिसतं. आणि हातात रोजची वस्तू द्यायची. बाईंच्या हातात एक इंची ब्रश होता. हात थरथरत होता म्हणून फोटोत ब्रशचं टोक पुसट आलंय. ते तसंच ठेवणार आहे.

अकरा चाळीसला त्यांच्या पापण्या जड झाल्या. कॅमेरा पिशवीत.

दुपारी १२.४५

घाटकोपरहून मेट्रो. नकाशात बघितलं तर मुलुंड आणि बोरिवली एकाच डोंगराच्या दोन बाजूंना आहेत, मधे राष्ट्रीय उद्यान. पण माणसाला जंगल ओलांडून जाता येत नाही, म्हणून खाली घाटकोपरला यायचं, आडवं अंधेरीला जायचं आणि पुन्हा वर चढायचं. ८ जून २०१४ ला ही मेट्रो सुरू झाली नसती तर माझा धंदाही सुरू झाला नसता. त्याआधी घाटकोपर-अंधेरी म्हणजे बस आणि अर्धा दिवस. थंडगार डब्यात उभं राहिलं तरी दहा मिनिटांत कुणीतरी जागा देतं. पहिल्या वर्षी मला त्याचा राग यायचा. आता मी पटकन बसते. गुडघे वाचवलेले बरे, संध्याकाळी त्यांचं काम आहे.

अंधेरी पश्चिमेला उतरले की गिल्बर्ट हिल दिसते, इमारतींच्या मधून वर आलेला उभ्या चिरांचा काळा कातळ. साधारण ६१ मीटर उंच, साडेसहा कोटी वर्षांचा. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला त्या उभ्या भेगा पडल्या. म्हणजे त्याच्या सुरकुत्याच. त्या भरायला पेन्सिल घेऊन कुणी बसलेलं नाही.

दुपारी १.३० ते ३.३०

डी. एन. नगरला मावसबहिणीकडे जेवण, मग झोप. हे मी कामाच्या वेळापत्रकात लिहिते, सुट्टीत नाही. झोप न घेता केलेल्या दुपारच्या कामाचे फोटो माझ्याकडे आहेत; सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले. आधी वाटायचं, दुपारी माणसंच तशी असतात. ती तशी नसतात. मी बटण उशिरा दाबत होते.

बहीण म्हणते, "या वयात एवढी दगदग कशाला?" मी तिला इमोजेन कनिंगहॅमची गोष्ट सांगते. अमेरिकेतली फोटोग्राफर, जन्म १८८३ चा. वयाच्या ९२व्या वर्षी तिनं नव्वदी ओलांडलेल्या माणसांचे फोटो काढायला घेतले. १९७६ साली ती गेली, पुस्तक पुढच्या वर्षी आलं. बहीण म्हणते, "आणि ती आपली होमाय व्यारावाला?" हेही खरं. जे.जे.त शिकलेली, देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार, सगळी सत्ता-मंडळी जिनं टिपली, तिनं १९७० साली, साठीच्याही आत, कॅमेरा ठेवला तो ठेवलाच. पुढे ९८ वर्षांपर्यंत जगली, २०११ साली पद्मविभूषण मिळालं, पण कॅमेऱ्याकडे वळली नाही. म्हातारपणी कलेत राहावंच असा काही नियम नाही. थांबायचं तर तेही आपण ठरवून थांबावं, दम लागला म्हणून नव्हे.

दुपारी ४.००

गिल्बर्ट हिलच्या पायथ्याच्या बाजूला एक चाळ. पेंटर ७९ वर्षांचे. सिनेमाचे बॅनर रंगवायचे. वहीत त्यांची बरी वेळ दुपारी चार ते साडेपाच अशी आहे, सगळ्यांपेक्षा वेगळी. शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा, म्हणजे गुरुवारची रात्र जागायची. त्या धंद्यात शरीराचं घड्याळ जे पुढे सरकलं ते अजून तिथंच आहे. सकाळी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

सिनेमाचा फोटो समोर घेऊन त्यावर चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी, मग एकेक घर भरत जायचं. वीस फुटी चेहरा. बांबूच्या फळीवर, नाकाच्या शेजारी बसलेल्या माणसाला नाक दिसत नाही. "निळे पट्टे, गुलाबी पट्टे, मधे पांढरा फटका. खाली उतरून रस्त्यापलीकडे गेलो की मग हिरॉइन दिसायची." मजुरी चौरस फुटावर. मकबूल फिदा हुसेनही तरुणपणी मुंबईत हेच करत होते, आणि ९५व्या वर्षी जाईपर्यंत रंगवत राहिले. पेंटर म्हणतात, "तो मोठा झाला. आम्ही वीस फुटांचे सहा इंच झालो."

फ्लेक्स छापायला लागले तसं बॅनरचं काम गेलं. आता ते लहान चित्रं करतात, आठ इंच बाय सहा इंच. चाळीतली माणसं गेलेल्या आई-वडिलांचे पासपोर्ट फोटो घेऊन येतात, कधी आधारकार्डाची झेरॉक्स. त्यावरून पेंटर जलरंगात चेहरा करून देतात. फळीवर चढता येत नाही, पण चौकटी अजून तशाच आखतात, फक्त पाव-पाव इंचाच्या. मी विचारलं, "एवढ्याशा फोटोवरून तुम्ही तरुण करता का त्यांना?"

"छे. वय तेवढंच ठेवतो. वय कमी केलं तर मुलगा म्हणतो ही आमची आई नाही." त्यांनी एक झेरॉक्स उचलून उजेडात धरली. "पण बघा, आधारच्या रांगेत दोन तास उभं राहून काढलेला फोटो आहे. ती रांग मी काढून टाकतो."

मी पन्नास वर्षं या कामात आहे. मला हे वाक्य पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर किती शिसं वाचलं असतं.

त्यांचा फोटो मी उंबऱ्यात काढला, चाळीच्या गॅलरीतल्या तिरप्या उन्हात, झेरॉक्स हातात. उन्हाची बाजू कातळासारखी, सावलीची बाजू धोतरानं उचललेली. बारा फोटो. जास्त काढत नाही. वडिलांच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच निघायचे, तो आकडा हातात राहिलाय. शिवाय प्रत्येक जादा फोटो रात्री डोळ्यांना बघावा लागतो.

संध्याकाळी ५.४५

बोरिवली पश्चिम, बाभई. हे घर मी वहीतल्या नियमाविरुद्ध घेतलंय. ताई ८१ वर्षांच्या. पुढच्या आठवड्यात सहस्रचंद्रदर्शन, त्यासाठी फोटो हवा. मुलाचा आग्रह: संध्याकाळीच या, मी घरी असतो, मला बघायचंय. मी म्हटलं, बरं.

नोव्हेंबरात सहालाच सूर्य मावळतो. खिडकीत उजेड राखाडी झालेला. ताई दिवाणावर बसल्या होत्या. काठपदराची साडी नेसून तयार, गजरा माळलेला, आणि चेहरा पार उतरलेला. तीन वाजल्यापासून तयार होऊन बसल्या होत्या, साडी चुरगळू नये म्हणून दुपारी आडव्याही झाल्या नाहीत.

मुलगा म्हणाला, "काकू, मोबाइलमध्ये ॲप असतं ना, तसं सुरकुत्या वगैरे थोड्या..."

ताईंनी त्याला थांबवलं. मला म्हणाल्या, "तुम्ही पूर्वी रिटचिंग करायच्यात म्हणे. मग काढा की माझ्या. मला काय त्यांचं कौतुक नाही. हा फोटो उद्या हार घालून भिंतीवर लागणार, येणारा-जाणारा बघणार. मला तिथं वीस वर्षं दमलेलं बसायचं नाही."

खरं सांगते, माझी तयारी वेगळ्या उत्तराची होती. सुरकुत्या राहू द्या, त्यात आयुष्य आहे, असं काहीतरी मी गेली आठ वर्षं घराघरांत सांगत आलेय. पण भिंतीवर बसायचं होतं त्यांना, मला नाही. मी त्यांना आरसा आणून दिला आणि म्हटलं, "बोट ठेवा. कोणत्या काढू?"

त्यांनी कपाळावर बोट ठेवलं नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यावरच्या हसण्याच्या रेघांवरही नाही. बोट गेलं ते डोळ्यांखालच्या फुगीर काळसर भागावर, आणि मग ओठांच्या खाली आलेल्या टोकांवर. "हे. हे काढा."

मी कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नाही. म्हटलं, "ताई, हे पेन्सिलीनं निघत नाही. आज जेवून लवकर झोपा. सकाळी मी पावणेअकराला येते." मुलगा म्हणाला, "मी ऑफिसात असेन." ताई म्हणाल्या, "बरंच झालं."

चहा घेऊन, खिडकी कोणत्या दिशेला आहे ते बघून मी निघाले. खिडकी पूर्वेची आहे.

रात्री ८.४५

उलटा प्रवास: बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड. पाय सुजलेत. कॉम्प्युटरसमोर बसते, डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून, कारण रंगाच्या बाबतीत आता फक्त उजव्याची साक्ष धरायची असं ठरवलंय. दिवसातले फोटो बघते, त्यातले पाच ठेवते. सॉफ्टवेअर विचारतं, त्वचा गुळगुळीत करू का. त्याला सगळ्या रेघा सारख्याच. वीस मिनिटांचं माझं काम ते डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं, आणि बाईंचा उकडलेला बटाटा होतो. मी परत मागे येते. हात फिरवायचा तो एकाच ठिकाणी: बाईंच्या गालावर खिडकीच्या गजाची सावली पडलीय, ती थोडी उचलते.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना २००३ साली पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. त्यानंतरही ते 'कॉमन मॅन' काढत राहिले. लोकांना त्यात जिद्द दिसते, ती आहेच. मला त्यात कामाची मांडामांड दिसते: टेबल किती उंच ठेवलं असेल, कागद कुणी धरला असेल, दिवसातला कोणता तास चित्राला दिला असेल. बाईंचा एक इंची ब्रश, पेंटरच्या पाव इंचाच्या चौकटी, माझं धोतर, हे सगळं त्याच जातीचं. म्हातारपणी सुचणं कमी होतं असं मला अजून तरी दिसलेलं नाही. सुचलेलं हातून उतरवायला मिळणारे तास कमी होतात, म्हणून ते जपून वापरावे लागतात.

दहाला डोळ्यांत थेंब. वहीत बोरिवलीच्या नावापुढे 'बरी वेळ' हा रकाना रिकामा होता, तिथं लिहिलं: सकाळी १०.४५.

तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या घरात असेल आणि त्यांचा एक चांगला फोटो काढायचा राहून गेला असेल, तर मोबाइलनं काढा, काही बिघडत नाही. फक्त तुमची सुट्टी कधी आहे ते बघू नका. त्यांना विचारा, तुम्हाला दिवसात बरं कधी वाटतं, आणि त्या वेळेला त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवा.